सोमवार की मंगळवार

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या सिझरसाठी डॉक्टरांनी दोन दिवस सुचवले होते. ती मोबाइलवर त्या तारखांचा इतिहास वाचत होती.

“ताई, सोमवारी एका नटाचा जन्म, एका गायिकेचाही. माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला तोही हाच दिवस.”

“आणि मंगळवारी?”

“जहाज बुडालं होतं.”

“मग मंगळवारच घे. बाळ काय जहाजात बसणार आहे?”

“सासूबाईंनाही सोमवारच हवाय. दरवर्षी थाटात वाढदिवस करू म्हणतात.”

“करतीलच. तुझं सगळंच थाटात होतं.”

“तुमच्या का एवढं पोटात दुखतंय?”

“त्या तारखेला माझा वाढदिवस असतो.”

“कधी बोलला नाहीत.”

“कधी कुणी विचारलं? घे तू सोमवार. निदान केकचा एखादा तुकडा तरी येईल माझ्या वाट्याला.”