कपाट क्रमांक तीनमधला हात

नाव सोबतच्या कागदावर. वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (नमुना कारागीर), शिक्षण सातवी, गावच्या शाळेत. राहणार कारखान्यामागील वसाहत, खोली १४.

मी कोणीही बोलावले नसताना, समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की,

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी मी देवापुढे हात न जोडता घरून निघालो. एरवी असे होत नाही. पावणेआठला कामावर पोहोचलो. आमची कंपनी व्हिडिओ गेमची यंत्रे बनवते. नवी यंत्रे घडवणाऱ्या विभागात मी एकवीस वर्षे आहे. खेळताना हातात धरायचा कंट्रोलर मी आधी मातीत घडवतो. तो मुठीत कसा बसतो, हे प्लास्टरच्या हातांवर तपासतात. ते हात कपाट क्रमांक तीनमध्ये कुलपात असतात. किल्ली भांडारप्रमुखांकडे असते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी मुलांच्या कंट्रोलरसाठी लहान हात हवा होता. मी माझ्या मुलीला घेऊन गेलो. ती तेव्हा सात वर्षांची होती. साचा घट्ट होईपर्यंत हात हलवायचा नव्हता. ती म्हणाली, "बाबा, नाकाला खाज आली." मी नाक खाजवून दिले. त्या हातावर 'लहान, डावा' असा शिक्का आहे. पुढच्या वर्षी मुलगी वारली. त्याविषयी या जबाबात सांगण्यासारखे काही नाही.

नऊ तारखेला मी कामासाठी म्हणून तो हात अण्णांकडून घेतला. रबराच्या साच्यातून त्याची प्रत काढली. संध्याकाळी साडेपाचला प्रत परत केली आणि मूळ हात डब्याच्या पिशवीतून नेला. कुलूप लावताना अण्णा म्हणाले, "पिशवी जड दिसतेय. वहिनींनी डब्यात दगड दिले होते का आज?" मी हसलो.

रबर आकसते, त्यामुळे प्रत अर्धा मिलिमीटर अपुरी होते, हे मला ठाऊक होते. तेवढ्याने कोणाचे काय बिघडणार, असे वाटले. मापन विभागाने ते या बुधवारी पकडले. मूळ हात दुसऱ्या कंपनीला पोचवला, असा आमच्या कंपनीचा संशय आहे. किल्ली अण्णांकडे, म्हणून काल दुपारी त्यांना येथे आणले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने आहेत. ते बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येताना म्हणाले, "तू कशाला आलास रे? घरी जा, वहिनी एकट्या असतील."

साहेबांनी विचारले, प्रतच का नेली नाही. सांगतो की, मूळ हाताच्या मनगटापाशी मुलीची एक लव प्लास्टरमध्ये अडकलेली आहे. उजेडात तिरके धरले की दिसते. प्रतीत ती उतरत नाही.

घरी तो हात पत्नीच्या उशाशी असे. काल संध्याकाळी तिला अण्णांचे सांगितले. ती म्हणाली, "त्यांनाही लेकी आहेत." आज सकाळी तिने स्वतः तो टॉवेलात गुंडाळून दिला. "करंगळीला जपा," एवढेच म्हणाली. मी देवापुढे हात जोडून निघालो.

अण्णांचा यात काही संबंध नाही. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी तो हात साहेबांच्या टेबलावर ठेवला. पंचनाम्यात 'प्लास्टरचा हात, नग एक' असे लिहिले आहे, ते खरे आहे. तो फडक्याने पुसू नये, ही विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. लवेविषयीचे वाक्य राहून गेले होते, ते घालून घेतले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे पुरा आहे.