कुऱ्हाडीला भाषा कशाला?

...आणि मी म्हणते, कुऱ्हाडीला भाषा लागतेच कशाला? सांगा ना! सात फुटी बाई, नाव उर्गा, ताकद अठरा, अक्कल सहा, अंगावर अस्वलाचं कातडं, हातात ही एवढी कुऱ्हाड... ही बाई कुणाच्या अंगावर धावून जाताना आधी काय विचारणार आहे, 'भाऊ, आपली मातृभाषा कोणती?' पण नाही! कागदावर भाषांचे तीन रकाने आहेत ना, मग ते भरायचे म्हणजे भरायचेच. ड्वेनचा नियम!

हा ड्वेन झास्ट्रो आमचा सूत्रधार. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली, आता निवृत्त झालाय, आणि दर शनिवारी दुपारी दोन ते सहा आम्हा तिघांना आपल्या घराच्या तळघरात बसवून अख्खं जग चालवतो. म्हणजे कसं, आपण आपापली सोंगं कागदावर लिहून आणायची, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा, मग ड्वेन म्हणणार, 'समोर गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय, काय करता?' आपण काय ते सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि फासा म्हणेल ते खरं. साधा खेळ आहे हो! दुसरीकडे कुठेही खेळा, त्यात सगळ्यांना येणारी एक भाषा असते, ड्रॅगन असो नाहीतर राक्षस, सगळे गुमान तीच बोलतात. ड्वेनच्या जगात ती नाही. का? तर 'असं कुठे असतं का जगात?' मी म्हटलं, ड्वेन, बोलणारे ड्रॅगन तरी कुठे असतात? तर म्हणे, 'ते वेगळं.' आम्हा तिघांची आपसातली डोंगरी बोली तेवढी फुकट, बाकी जगाशी बोलायचं तर हे तीन रकाने.

तर मी उर्गाचा हा नवा कागद आणि पेन्सिल घेऊन बसते न बसते तोच दोन्हीकडून सुरू! आमची ट्रूडी, शाळेची बस चालवते, खेळात चिलखतवाली धर्मयोद्धा असते, ती म्हणते, 'काझुआ, ड्रॅगनची घे गं, जुने ग्रंथ सगळे त्यातच असतात, भाषा कशी कामाची हवी!' की इकडून कर्टिस, आमचा मांत्रिक, चष्मा पुसत, 'ड्रॅगन भेटतो वर्षातून एकदा, आणि भेटला की खातो. बुटक्यांची घे. दारांवर सगळं बुटक्यांच्या भाषेत कोरलेलं असतं. मागच्या वेळी आपण जे दार ढकललं, त्यावर ढकलू नका असंच लिहिलेलं होतं. भाषा कामाची हवी!'

भाषा कामाची हवी? हे मला सांगता? मला?

अहो, मी करते काय आठवडाभर? हॉस्पिटलात दुभाषी आहे मी! लाओसहून इकडे अमेरिकेत आलेली आमची मोंग समाजातली म्हातारी माणसं एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या खुर्चीत मी. सकाळी आठपासून याचं त्याला, त्याचं याला. घरी येऊन बूट काढत नाही तोवर आईचा फोन, 'काझुआ, नगरपालिकेचं पत्र आलंय, लाल अक्षरात आहे, मला तुरुंगात टाकतात का बघ.' आई, दारापुढच्या फुटपाथवरचा बर्फ काढा म्हणतायत. 'मग लाल अक्षरात कशाला?' आता त्या लालचं मी काय भाषांतर करू? आणि हे आजचं नाही हो, मी सात वर्षांची असल्यापासूनचं आहे. शाळेत पालकांना बोलावलं तर दुभाषी कोण? मीच! बाई म्हणाल्या, 'काझुआ वर्गात फार बडबड करते,' आणि मी, मूर्ख पोरगी, वडिलांना शब्दन् शब्द तस्साच सांगितला. दुसरं एखादं पोर असतं तर म्हणालं असतं, बाई माझ्यावर फार खूश आहेत. घरी जाईपर्यंत मोटारीत बोलणी खाल्ली.

म्हणून म्हणते, आठवड्यातले चार तास! फक्त चार! त्यात मला कुणाचं काही कुणाला सांगायचं नव्हतं. मला फक्त कुऱ्हाड चालवायची होती!

मग मी काय केलं, डोकं लढवलं. ड्वेनचा नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, तो नीट बघितला. वाळू, डोंगर, परत वाळू. समुद्र? नकाशाच्या बाहेर! म्हटलं झालं काम. पहिल्या रकान्यात लिहिली खोल समुद्रातल्या मासेमाणसांची भाषा, बुडबुडी. दुसऱ्यात कावळ्यांची, कारण वाळवंटात कावळा कशाला तडफडायला येतोय? आणि तिसऱ्यात अशा एका टोळीची, जी ड्वेनच्याच वहीप्रमाणे हजार वर्षांपूर्वी नामशेष झाली. एक माणूस शिल्लक नाही! घ्या! तीन रकाने, तीन बिनकामाच्या भाषा, आता बघते कोण बोलतो माझ्याशी. ट्रूडीने कपाळाला हात लावला. ड्वेनने मात्र कागद वाचला, परत वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हसला. तिथेच मी उठून घरी जायला हवं होतं.

पहिला शनिवार. वाळवंट. आकाशातून काय उतरावं? कावळा! पायाला जखम, चोचीत निरोप, आणि बोलतो काय तर कावळ्यांची! ट्रूडी ओरडली, 'काझुआला येते!' मी म्हटलं, मला कुऱ्हाड येते. 'नाही नाही, तुला येते, लिहिलंयस!' आणि ड्वेनची पद्धत अशी की बाकीच्यांच्या सोंगांना कळत नाही ना, मग त्यांनी ऐकायचंही नाही. मला हाताला धरून पलीकडच्या खोलीत नेणार, कपडे धुवायच्या मशीनशेजारी उभं करणार, कानात कुजबुजणार, आणि मग मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचं. आठ खेपा झाल्या! आठ! तोवर माझ्या आईने केलेले एगरोल, मी आणलेले, माझ्या डब्यातले... कर्टिस तोंड पुसत म्हणतो, 'झकास होते गं.' होते!

दुसरा शनिवार, ती नामशेष टोळी. मी म्हटलं, ड्वेन, मेलीत ना ती? म्हणे, 'हो, मेलीत. म्हणूनच भुतं आहेत.' दोनशे भुतं! आणि हजार वर्षं बोलायला कुणी भेटलं नाही म्हटल्यावर ती काय थांबतात? एकेकाचं गाऱ्हाणं, कुणाची सून वाईट, कुणाच्या थडग्यावर उंट बांधलेला. मी आपली मशीन ते टेबल, टेबल ते मशीन. अहो, मला फक्त कुऱ्हाड चालवायची होती!

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय.

मग आला तो आठवडा. गुरुवारी एक आजोबा आले हॉस्पिटलात. नाव सांगणार नाही, सांगायचं नसतं. गोड माणूस, मला लेक म्हणायचे, त्यांच्या बागेतल्या मिरच्या आणून द्यायचे. डॉक्टर बोलले, आणि मग ते मला माझ्या तोंडाने बोलायचं होतं. आमच्या कामात नियम आहे, 'डॉक्टर म्हणतात' असं म्हणायचं नाही. डॉक्टर 'मी' म्हणाले तर मीही 'मी'. म्हणजे मी त्या आजोबांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, 'मला वाईट वाटतं, पण आता माझ्याकडे औषध नाही.' मी म्हटलं! आजोबांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. शुक्रवारी किराणा दुकानात दिसले, मला बघितलं आणि सामानाची ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत गेले. त्यांचं काय चुकलं हो? पण मला रडू आलं, तिथेच, तांदळाच्या पोत्यांपुढे.

त्यामुळे शनिवारी मी ठरवूनच गेले, आज काय वाट्टेल ते होवो, आज कुऱ्हाड चालणार! ट्रूडीच्या सोंगाच्या भावाचा खुनी आम्ही तीन वर्षं शोधत होतो, आणि आज त्याच्या गडावर पोचणार होतो. म्हणजे लढाई नक्की! वाळवंटातला गड! पायऱ्या उतरून खाली गेलो तर... पाणी. एवढा मोठा हौद, काळंशार पाणी, आणि त्यातून मुकुट घातलेला एक मासेमाणूस वर येतो.

मी ड्वेनकडे बघितलं. ड्वेन म्हणाला, 'तो काहीतरी बोलतोय. बुडबुडे येतायत.'

गेले! मशीनशेजारी! ड्वेन कानात म्हणतो, मासा म्हणतोय, 'मीच मारलं तुझ्या भावाला, माझ्या या दोन हातांनी, असं मी जगाला सांगत आलो, कारण मारेकरी त्याच्या मागावर होते. तो माझ्याकडे सुखरूप आहे. मी शस्त्रं खाली ठेवतो.' शस्त्रं खाली! म्हणजे लढाई नाही! म्हणजे आता तह, आणि तहाच्या अटी, आणि पुन्हा मी आणि मशीन, सहा वाजेपर्यंत!

आणि तुम्हाला खरं सांगते, तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात पाप आलं. बाहेर जाऊन एकच शब्द म्हणायचा, 'लढा!' संपलं! कुणाला कळणार होतं? मासा खोटा, भाषा खोटी, गड खोटा, त्यात अजून एक खोटं, कुणाचं काय जाणार होतं? पण जीभच वळेना हो! नसलेल्या माशाचं, नसलेल्या भाषेतलं, तेही चुकीचं सांगता येईना मला! बावीस वर्षांच्या नोकरीची सवय. आले बाहेर, ट्रूडीपुढे उभी राहिले, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि जसंच्या तसं सुरू केलं, 'मीच मारलं तुझ्या भावाला, माझ्या या दोन हातांनी...'

आणि श्वास घ्यायला थांबले.

वीस! ट्रूडीचा फासा टेबलावर पडला तो वीसवरच! तीन वर्षांचा राग हो तिचा, तलवार वर, तलवार खाली, उर्गाचं मुंडकं हौदात! मी ओरडतेय, 'अगं मी नाही, मासा! वाक्य अर्धं आहे!' कर्टिस म्हणतो, 'ड्वेन, हे धरायचं का?' आणि ड्वेन शांतपणे, 'ती “मीच” म्हणाली ना.' मेली माझी उर्गा! तीन शनिवार झाले, कुऱ्हाड एकदासुद्धा उचलली नव्हती!

ट्रूडी रडकुंडीला आली. 'अगं, मासा म्हणतो, असं म्हणायला काय झालं होतं तुला?' आणि माझा बांध फुटला. म्हटलं, नियम आहे तसा! दोघांना वाटायला हवं की ते एकमेकांशीच बोलतायत, मधे कुणीच नाही! पण असते ना गं मी मधे! बसलेली असते! जे काही जातं ते माझ्यातून जातं, थकते मी! मग कर्टिसने उरलेला एक एगरोल माझ्यापुढे सरकवला. थंड होता. खाल्ला.

ड्वेनने नवा कागद दिला. मी नाव लिहिलं, ताकद लिहिली, कुऱ्हाड लिहिली, आणि भाषेच्या तिन्ही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढून लिहिलं, मुकी. जन्मापासून. घ्या आता!

कर्टिस म्हणाला, 'मग हिचं म्हणणं जगाला कळणार कसं?' तर ट्रूडी, डोळे पुसत पुसत, 'मी आहे ना! ती खुणा करेल, मी सांगेन. इतके दिवस तिने सगळ्यांचं सांगितलं, आता तिचं मी सांगणार.' एकेचाळीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. आईसुद्धा नाही. भरून आलं हो मला.

झाला पुढचा शनिवार. खिंडीत चाळीस दरोडेखोर! वा! त्यांची भाषा येते ट्रूडीला, मला काही नको, कुणी मला मशीनकडे नेलं नाही, एगरोल गरम, सगळं छान. मी उभी राहिले, डोळे वटारले, दात विचकले, त्यांच्या सरदाराकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी कुऱ्हाड घालून दाखवली, खाड! खाड! याहून स्पष्ट काय सांगायचं माणसाने? ट्रूडी उठली, घसा खाकरला, आणि काय त्या पोरीचा आत्मविश्वास! म्हणते, 'सरदार, ही म्हणते, तुमची लाकडं फोडायची असतील तर ही फोडून देईल.'

मी तोंड उघडलं. ड्वेनने बोट वर केलं, 'काझुआ, तू मुकी आहेस.'

सरदार खूश! तह! जेवणाचं आमंत्रण! आणि मी सहा वाजेपर्यंत चाळीस दरोडेखोरांची लाकडं फोडत बसले, एकेका ओंडक्याला फासा टाकून. शेवटी ट्रूडी मायेने वाकून विचारते, 'दमलीस का गं? खूण कर, मी सांगते त्यांना.' मी दोन्ही हात वर केले, मान टाकली, जीभ बाहेर काढली.

ट्रूडी वळून म्हणाली, 'ही म्हणते, अजून आणा!'