वच्छलामावशींची करंगळी

विडी घरकुल वसाहतीत पैसे काढायला बँकमित्राच्या टेबलाशी उभा होतो. माझ्यापुढे वच्छलामावशी.

“मावशी, मशीन अंगठा घेत नाही,” बँकमित्र म्हणाला.

“कसा घेईल? तीस वर्सं विड्या वळतीय. रेघा घासून गेल्या की.”

“दुसरं बोट ठेवा. हेही गुळगुळीत! खातं तुमचंच ना?”

“मग कुणाचं? पयल्यांदा माज्या नावावर कायतरी झालं, अन् हे म्हणतंय ही बाई ती न्हायच!”

“करंगळी टेकवा. आधारला दहाही बोटं दिलीत तुम्ही.”

“हिला कशाला? विड्या वळताना ही नुसती बाजूला बसून बघती.”

“टेकवा तर. घेतलं! हे तुमचे पैसे.”

“अगं बया! जलमभर बसून खाल्लंस, अन् मी मीच हाय हे बँकेला तूच सांगितलंस व्हय!”