फोन गप्प होतो ती जागा

माझ्यासारख्या लाजऱ्या माणसाचा आवाज मोबाईलच्या धड्यात कसा गेला, ते ऐका. शाळा मी नववीतच सोडली, आता भोकरदनला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तिथल्या प्रशिक्षण केंद्रातल्या मॅडम वायरमनचं काम शिकणाऱ्या पोरांसाठी मोबाईलवरचे धडे बनवत होत्या. मला म्हणाल्या, "पुस्तकी आवाज आला की पोरं धडा मधेच बंद करतात. तू बोल, घरी बोलतोस तसं."

बोललो. "मोटारीला हात लावायच्या आधी काय करायचं?" एवढं विचारलं आणि पुढचं सगळं विसरलो. बराच वेळ नुसता गप्प. मग कसंबसं उत्तर सांगितलं.

"मॅडम, ती गप्प जागा कापून टाका. पोरं हसतील."

"आज घरी ऐकून बघ. उद्या म्हणशील तर कापू."

घरी धडा लावला. आई मेथी निवडत होती. माझा प्रश्न झाला, फोन गप्प झाला आणि आई मान वर न करता म्हणाली, "आधी मेन स्विच बंद कर, बाबा. मागं तुला झटका बसल्ता, तवापासून सांगून राह्यले."

"आई, मी न्हाई, फोन बोलून राह्यला."

"आवाज तर तुझाच हाय ना? मंग बंद कर."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मग, कापू ना ती जागा?"

"नका कापू," मी म्हणालो. "तिथं माझी आई बोलते."