तेल लागलेली तूर

वैजयंती : या काकाजी. चपला तेवढ्या भाइर काढा, खाली तूर वाळून राह्यली.

शिखरचंद : तूर? बंद दाळमिलमंधी तूर कायची वो?

अर्हम : दादाजी, आधी कामाचं बोलू. ताई, सोमवारी बँक ही मिल लिलावात काढणार. आम्ही आज चौदा लाख देतोय. तुमचं कर्ज फिटेल, वर थोडे हातात उरतील. बँकेशी बोलणं झालंय.

वैजयंती : अन् कालची बातमी? सरकार म्हनते, बंद पडलेल्या मिलवाल्यायले वर्षाची मुदत देऊ, व्याज आमी भरू.

अर्हम : कुठून भरणार? सरकारच कर्जात आहे. नवं कर्ज काढून जुन्याचं व्याज देतंय. तुमच्या मशीनची सबसिडी तरी आली का?

वैजयंती : तीन वर्सं झाले, वाट पाहून राह्यली. आधी म्हनले मिल टाक, अर्धे पैसे देतो. मंग तूर सोताच महागात घेतली, अन् शहरात दाळ सस्ती इकली. आमी मधात पिचलो.

शिखरचंद : पोरी, मी खरं सांगतो. अशा घोषणा झाल्या का लोक आशेवर बसतात. व्याज चढत जाते. सहा महिन्यानं तीच मिल मले निम्म्यात भेटते. रिसोडच्या दोन मिली अशाच घेतल्या मी.

वैजयंती : मंग सहा महिने थांबा ना. आज कायले धावत आले?

शिखरचंद : सांग रे अर्हम.

अर्हम : योजनेचं नाव निघालं की मोठ्या कंपन्या अशा मिली शोधत येतात. पैसा येवो न येवो, भाव चढतो. तेव्हा आम्ही विकू.

वैजयंती : वा रे वा! म्हंजे सरकारच्या शब्दावर म्या भरोसा नाही ठेवाचा, तुमी ठेवाचा?

शिखरचंद : हा हा! दे आता जबाब.

अर्हम : ताई, हा हिशोब आहे. मनाला लावून घेऊ नका.

वैजयंती : लागते मनाले. मंगळसूत्र मोडून उभी केली हे मिल. अन् आता देताबी येत नाही. मेडशीच्या अर्ध्या गावाची तूर घेतली म्या, वर्षाची दाळ करून द्याले. साल सुटाले तेलबी लावून झालं.

अर्हम : मग परत करा.

शिखरचंद : तेल लागलेली तूर परत नाही होत, बापा. मार्केटात कोनी हात नाही लावत. तिची दाळच करा लागते.

अर्हम : लाइट तर कापलीय.

वैजयंती : भागवतभाऊचा ट्रॅक्टर जोडीन मशीनच्या पट्ट्याले. मजुरीत बँकेचा एक हप्ता निंघते. तेवढा भरते, अन् मुदत मांगते.

शिखरचंद : थांब... ते कोपऱ्यातलं पोतं. लाल दोऱ्याचा टाका. हा तं आमच्या घरचा टाका व्हय.

वैजयंती : तुमच्या घरूनच, प्रेमाकाकीनं जीपनं धाडलं. म्हनल्या, दुकानातल्या दाळीले चव नाही. तुमाले सांगजो नोको म्हनल्या.

शिखरचंद : माहीत होतं तिले, मी इथं सौद्याले येऊन राह्यलो?

वैजयंती : तुमी येनार हे त्यायनंच सांगतलं मले.

अर्हम : दादाजी, चेक काढू?

शिखरचंद : ठेव खिशात. वैजयंती, दाळ व्हाले किती दिवस?

वैजयंती : ऊन असंच राह्यलं तं आठवडा.

शिखरचंद : सोमवारी बँकेत हप्ता भर, अर्ज दे. सगळ्यायकून मजुरी आगाऊ घे, कमी पडलं तं काकीच्या पोत्याची मी देतो. मी बोली लावत नाही.

अर्हम : दादाजी, दुसरं कोणी लावेल!

शिखरचंद : बोलीले मी उभा नाही राह्यलो, तं रिसोडातला दुसराबी दहादा इचार करते.

वैजयंती : अन् काकाजी, मुदत नाही भेटली तं?

शिखरचंद : तं मंग मीच येईन घ्याले. चपला भाइर काढून.