धुक्यातलं भांडण

"गुडघे तुझे गेलेत, माझे नाहीत!" असं मला सुनावून शेजारची कुमुद खारघरच्या टेकडीवर एकटीच पुढे गेली. शेवाळ्यावरून पाय सटकेल, म्हटलं होतं मी, ते तिला झोंबलं. मी खडकावर बसून राहिले. तेवढ्यात ढग उतरला आणि पायवाट दिसेना. बाजूला दरी! हाका मारल्या, तर रुसलेली बाई ओ देईना. मग मी तिच्या गणपतीतल्या फुटक्या मोदकांचा विषय काढला. लगेच धुक्यातून आवाज आला, "तुझ्या मोदकांत सारण तरी असतं का गं?" मी मुद्दाम तोंड सुरूच ठेवलं. तिची उत्तरं जवळ जवळ येत गेली. शेवटी एक ओला हात माझ्या खांद्यावर पडला आणि कुमुद म्हणाली, "आता गप्प बस, पोचले मी."