एचचा जबाब

...नाही, पण मला सांगा, धडधडीत सात होता तिथे! अधिक सात! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि पुढच्या ओळीत गायब! मुलीला विचारलं, सात कुठे गेला, तर म्हणते कशी, “बाबा, तो स्थिरांक आहे, विकलन केलं की शून्य होतो.” होतो म्हणजे? कोणाला विचारून होतो? तुम्हाला सांगतो, माझा गणितावर राग नाही हो, संशय आहे!

बावीस वर्षं पंख्यांच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा होतो मी. गुडघे पार कामातून गेले. सुपरवायझर झालो तर बसायला खुर्ची मिळते, पण साहेब म्हणाले, “आधी बारावी व्हा, गणितासकट!” आता या वयात... म्हणून मुलगीच शिकवायला बसली. बसली ती बसली, आणि गणित सोडवताना मध्येच नऊ मिळवते, लगेच नऊ वजा करते! अगं, का? “पूर्ण वर्ग करायचाय, बाबा.” आमच्या गेटवर कोणी खोकं आत नेलं आणि तेच तसंच बाहेर आणलं ना, तर मी आधी खोकं उघडायला लावतो!

आणि तो एच! तो तर अट्टल! एक्सच्या वर्गाचं विकलन चाललंय, वर एच, खाली एच, मुलगी म्हणते, “एच शून्य नाही, म्हणून काटता येतो.” बरं बाई, नाही तर नाही, काट. काटला. दोनच ओळी खाली... “आता एच शून्य ठेवायचा.” अरे! आत्ता तर नाही म्हणाला होता! “बाबा, तो शून्य होत नाही, शून्याकडे जातो.” जातो म्हणजे काय, फाटकापर्यंत येऊन घुटमळतो? बावीस वर्षांत जबाब बदलणाऱ्या एकालाही मी आत सोडलेलं नाही! राग नाही हो, संशय आहे!

मग परीक्षेत काय केलं, उत्तरं लिहिली सगळी बरोबर, पण एच काटायची ओळ लिहिलीच नाही. खोट्या कागदावर मी कशाला सही करू? तर मलाच बोलावणं! परीक्षक बाई चष्म्यावरून बघतायत, “पायऱ्या कुठायत? उत्तर कुठून आणलंत, शेजाऱ्याच्या पेपरातून?” माझ्यावर संशय! माझ्यावर!! “फळ्यावर करून दाखवा, नाहीतर पेपर रद्द.”

हातात खडू आणि खाली गुडघे ठणकतायत...

सांगितलं. मोठ्याने सांगितलं, “एच शून्य नाही.” काटला. दोन ओळी लिहिल्या आणि त्याच तोंडाने सांगितलं, “एच शून्य.” बाई म्हणाल्या, “आता कसं!”

पास झालो. खुर्ची मिळाली. कालच गेटवरच्यांनी एकाला धरून आणलं, आधी म्हणाला पिशवीत काही नाही, मग म्हणाला डबा आहे. “साहेब, जबाब बदललाय!” पिशवी उघडली, डबाच होता. मी खुर्चीतूनच पिशवी परत केली त्याला. म्हटलं, सोडा...

काय करणार! मलाही तसंच सोडलंय.